बाटली आडवी, जागा अंधारी: शोकेसमधल्या वाइनबद्दल थोडं



या पानावर आपण कायम कांदा, बटाटा, चारा, पाणी यावरच लिहितो. आजचा विषय बघून काही जण म्हणतील, दादांना काय झालं, आता बाटलीवर लिहायला लागले. पण शेवटपर्यंत वाचा. विषय साठवणुकीचा आहे, आणि साठवणूक हा शेतकऱ्याचाच विषय आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाइन हा शेतमाल आहे. द्राक्षाचा रस टिकवून केलेला माल. पण टिकाऊ म्हणजे कायमचा टिकाऊ नव्हे. आपल्या भागात घराघरात ती ज्या पद्धतीने ठेवली जाते ती सरळसरळ मालाची नासाडी आहे. आणि नासलेल्या मालाचा ठपका ठेवणाऱ्यावर येत नाही, दुकानदारावर येत नाही. तो फिरून फिरून द्राक्ष लावणाऱ्यावर येतो. म्हणून हे लिहितोय.

आमचं निघोजे चाकण एमआयडीसीला लागूनच. फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या पत्त्यातसुद्धा गावाचं नाव आहे. कारखाने आले तसे ठेकेदार आले, माल पुरवणारे आले, साहेब लोक आले. दिवाळी आली की भेटवस्तूंच्या टोपल्या फिरतात. सुकामेवा, चॉकलेट, आणि अलीकडं त्यात एक वाइनची बाटली. घेणाऱ्यातले कितीतरी जण माळकरी. आळंदी-देहू इथून हाकेच्या अंतरावर. बाटली परत देता येत नाही, टाकवत नाही, पिणारा घरात कोणी नाही. मग ती जाते शोकेसमध्ये. टीव्हीच्या शेजारी, वरून पिवळा बल्ब, समोर पश्चिमेची खिडकी. नाहीतर फ्रीजच्या डोक्यावर. नाहीतर पत्र्याच्या खोलीत, पोटमाळ्यावर. दोन-तीन उन्हाळे तिथंच.

मग कधीतरी पाहुणा येतो, बाटली उघडली जाते, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं आणि निकाल लागतो, "आपल्याकडची वाइन म्हणजे आंबट पाणी. फॉरेनची ती फॉरेनची." आता तुम्हीच सांगा, एप्रिल महिन्यात पत्र्याखाली तीन वर्षं ठेवलेली फॉरेनची तरी काय मोठी गोड लागणार आहे?

नासते कशी ते समजून घेऊ

उसाचा रस काढून ठेवला की काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आधी फसफसतो, मग आंबतो. वाइनचंही तेच. यीस्ट द्राक्षाच्या साखरेचं अल्कोहोल करतं. वाइनमध्ये ते साधारण ११ ते १४ टक्के असतं. पण गोष्ट तिथं थांबत नाही. हवा मिळाली की दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे शिरका. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात वाइन का बिघडते याच्यावरच काम केलं होतं. दुधाच्या पिशवीवर आपण 'पाश्चराइज्ड' वाचतो, त्या शब्दाची सुरुवात दुधापासून नाही, वाइनपासून झाली.

तर बाटलीचे शत्रू चार. उष्णता, तापमानाची चढउतार, उजेड आणि हवा. हादरे हा पाचवा, पण तो दुय्यम.

उष्णता: रसायनातला ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बदलाचा वेग साधारण दुप्पट होतो. जी वाइन १५ अंशांना वर्षभरात जितकी बदलेल, तितकी ती ३५ अंशांना तीन महिन्यांत बदलते. वास शिजवलेल्या जॅमसारखा येतो, पांढऱ्या वाइनचा रंग तपकिरी होत जातो, लालचा विटकरी.

चढउतार: हे लोकांच्या लक्षातच येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडं पहाटे गारठा आणि दुपारी चटका. बाटलीतला द्रव रोज फुगतो आणि आकसतो. फुगला की बूच बाहेर ढकलतो, आकसला की बारीक हवा आत ओढतो. म्हणजे बाटली रोज श्वास घ्यायला लागते. बुचाच्या कडेला चिकट ओघळ दिसला, बूच वर आलेलं दिसलं, तर समजा की हेच झालंय.

उजेड: बाटली हिरवी-तपकिरी करतात ती दिसायला नव्हे. ऊन आणि ट्यूबच्या उजेडातला अतिनील भाग वाइनचा वास बिघडवतो. पांढरी आणि गुलाबी वाइन पुष्कळदा पारदर्शक बाटलीत असते, तिला तर जास्तच जपावं लागतं.

हवा: लाकडी बूच कोरडं पडलं की आकसतं आणि हवा आत शिरते. म्हणून बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे वाइन बुचाला लागून राहते आणि बूच ओलं राहतं. आपल्या आयाबहिणींनी गावोगाव 'उभी बाटली की आडवी बाटली' असं मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली. त्या मतदानाला माझा सलाम आहे. पण गंमत बघा, वाइनवाल्यालाही बाटली आडवीच लागते. फिरकीच्या झाकणाची असेल तर मात्र उभी ठेवली तरी चालते. आपल्याकडच्या पुष्कळ वाइनला आता फिरकीचंच झाकण असतं. फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीत ५-६ बार दाब असतो, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या कितीतरी पट. ती पत्र्याखाली ठेवणं म्हणजे धोकाच.

कांदा वेगळा, बटाटा वेगळा, वाइन वेगळी

ज्याची साठवण त्याच्या स्वभावाप्रमाणं, हे आपल्याइतकं कोणाला कळतं? आपल्याच तालुक्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. त्यांनी आपल्याला शिकवलं की रब्बीच्या कांद्याला चाळीत खालून-वरून वारा खेळता पाहिजे, कोरडेपणा पाहिजे. बटाटा त्याच शेतकऱ्याचा, पण त्याला अंधार पाहिजे. उजेडात ठेवला की हिरवा पडतो. बियाण्याचा बटाटा शीतगृहात २ ते ४ अंशांवर जातो. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून आई माजघरात ठेवायची, ओट्यावर नाही.

वाइनला काय पाहिजे? १२-१३ अंश, दमट हवा साधारण ६० ते ७० टक्के, अंधार आणि शांतता. म्हणजे कांद्याच्या बरोबर उलटं.

आता इथंच माझं पुस्तकी सल्ल्याशी भांडण आहे. इंग्रजी पुस्तकं सांगतात, तळघरात ठेवा. अरे बाबा, तळघर फ्रान्समध्ये थंड असतं, कारण जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की तापमान त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर होतं. तिकडची सरासरी ११-१३ अंश. आपली पुणे जिल्ह्याची २५ च्या आसपास. म्हणजे आपण जुन्या पेवासारखा खड्डा खणला तरी १३ अंश मिळणार नाहीत. स्थिर २५ मिळतील. ते शोकेसपेक्षा शंभर पट बरं, पण दहा वर्षं वाइन मुरवायला पुरेसं नाही.

म्हणून माझं म्हणणं: आपल्याकडं घरी वाइन 'साठवायची' नसते, 'सांभाळायची' असते. ती पण थोडे महिने.

घरात जागा कशी निवडायची

१. छताखालचा मजला टाळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर उष्णता सोडतो. तळमजला बरा.

२. पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत टाळा. बाहेरून ऊन न लागणारी आतली भिंत निवडा. जुन्या मातीच्या घरातलं माजघर यासाठी एक नंबर होतं. दोन-दोन फूट जाड भिंती, खिडकी नाही, मे महिन्यातही गारवा. आपण ती घरं पाडून आरसीसी बांधली आणि आता एसी लावतोय, तो वेगळा विषय.

३. स्वयंपाकघर नको. गॅस, फ्रीजच्या मागची गरम हवा, फोडण्या. फ्रीजचं डोकं तर अजिबात नको. ती घरातली सगळ्यात वाईट जागा, खालून ऊब आणि सतत थरथर.

४. पलंगाखाली किंवा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा. खोकं असलं की उजेड आपोआप बंद. कपाटाला कुलूप पाहिजे. घरात पोरं असतात, हे विसरू नका.

५. उग्र वासाच्या वस्तूंजवळ नको. खत, कीटकनाशक, रॉकेल, डिझेल असलेल्या खोलीत तर खाण्यापिण्याची कुठलीच वस्तू नको, वाइनही नको.

६. फ्रीजमध्ये ठेवली तर? मार्च ते जून या काळात, दुसरी गार जागा नसेल तर फ्रीजचा दरवाजा सोडून आतल्या कप्प्यात ठेवलेली केव्हाही बरी. फ्रीज कोरडा असतो, बूच वर्षानुवर्षं टिकणार नाही, पण एक उन्हाळा काढायला हरकत नाही. फ्रीझरमध्ये मात्र नको, द्रव गोठून फुगतो आणि बाटली तडकते.

७. काही जणांकडं विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष आहे, दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेला, भाजीपाल्यासाठी. कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला गारवा देतो. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली तर लेबल भिजत नाही. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळं त्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा घरही तितकं तापत नाही.

उघडलेली बाटली हा वेगळा प्रकार. उघडली की हवा लागली. झाकण घट्ट लावून, लाल असो की पांढरी, फ्रीजमध्येच ठेवायची. तीन ते पाच दिवस चव बरी राहते. फसफसणारी एक-दोन दिवस. हे मुद्दाम सांगतो, कारण "उघडली आहे तर संपवून टाका, नाहीतर वाया जाईल" म्हणून रात्रीत बाटली रिकामी करणारे मी पाहिलेत. वाया जात नाही. झाकण लावा आणि झोपा.

'जितकी जुनी तितकी चांगली' हे खूळ

हे सगळ्यात मोठं खूळ. काही ठराविक वाइन वर्षानुवर्षं मुरून सुधारतात, त्यासाठी तसं द्राक्ष, तशी बनावट आणि तसं कोठार लागतं. बाजारात मिळणारी बहुतेक वाइन, आपल्याकडची असो वा बाहेरची, ताजी प्यायलाच बनवलेली असते. पांढरी आणि गुलाबी एक-दोन वर्षांत, साधी लाल दोन-तीन वर्षांत. तेही नीट ठेवली तर. लेबलवर जे साल असतं ते द्राक्ष तोडणीचं असतं. आपल्याकडं वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. म्हणजे सालावरून वय लगेच काढता येतं.

गंमत म्हणजे १० टक्क्यांवर अल्कोहोल असलेल्या पेयांवर 'या तारखेआधी वापरा' असं छापायची सक्ती नाही. त्यामुळं लोकांना वाटतं, तारीखच नाही म्हणजे कधीच खराब होत नाही. हा समज घरोघरी बाटल्या मारतोय.

यात शेतकऱ्याचं काय जातं?

सगळं जातं. एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागतं. त्यामागं वर्षाच्या दोन छाटण्या, डाऊनी, भुरी, अवकाळी, गारपीट. माझे साडू दिंडोरी तालुक्यात वाइनची द्राक्षं करतात. साखर २२-२४ ब्रिक्सला आली का, याच्यासाठी तोडणीच्या आठवड्यात माणसाची झोप उडते. तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत, कारण गरम माल वाइनरी घेत नाही. शेतकऱ्याच्या मालाला दोन अंश जास्त चालत नाहीत, आणि त्याच मालाची बाटली पुढं हायवेच्या दुकानात काचेमागं उन्हात उभी.

खाण्याच्या निर्यात द्राक्षाचं बघा. तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंग, मग शीतगृह, पेटीत गंधकाचा कागद, रेफर कंटेनर, थेट युरोपपर्यंत थंडीची साखळी तुटत नाही. वाइनला नाशिकहून चाकणपर्यंत तरी अशी साखळी आहे का? उघड्या ट्रकवर ताडपत्री टाकून माल आलेला आपण बघतो.

आपल्या पुणे-नाशिक रस्त्यावरच वाइनचा इतिहास घडलाय. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन बनवली आणि ती परदेशात विकली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, नाशिकला सुलासारख्या वाइनरी वाढल्या. नंतर २००८ च्या मंदीत मागणी पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. धडा काय? गिऱ्हाईक हललं की आधी शेतकरी पडतो.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला द्यायचा निर्णय घेतला. केवढा वाद झाला. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणाली घरात दारू शिरेल, अण्णा हजारेंनी विरोध केला. दोन्ही बाजूंचं मी वाचलं. पण एकानेही विचारलं नाही की दुकानात ती ठेवणार किती अंशांवर? शेतकऱ्याच्या नावाने एवढी भांडणं, आणि शेतकऱ्याच्या मालाची साठवण कोणाच्याच तोंडी नाही.

आक्षेप आणि माझं उत्तर

कोणी म्हणेल, तुम्ही पिण्याचा प्रचार करताय. नाही. मी स्वतः वारीला जाणारा माणूस. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये, आणि भेट आलेली बाटली 'आमच्यात चालत नाही' म्हणून नम्रपणे परत करावी. परत देण्यात लाज नाही. घरात बाटली ठेवायची तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली परवान्याची तरतूदही माहीत करून घ्यावी. पण जो घेणार आहे, त्याने निदान माल नासवू नये, इतकंच माझं म्हणणं.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. त्यांचे वाइनचे फ्रीज असतील, असू देत. मी वर सांगितलेल्या जागेला एक रुपया लागत नाही. पुठ्ठ्याचं खोकं, पलंगाची खालची बाजू आणि थोडी अक्कल.

कोणी म्हणेल, शोकेसमध्ये शोभा येते. शोभेला रिकामी बाटली ठेवा, त्यात मनीप्लांट लावा. भरलेली बाटली शोकेसमध्ये ठेवणं म्हणजे पोतंभर कांदा अंगणात उन्हात मांडून 'बघा माझा कांदा' म्हणण्यासारखं आहे. चार दिवस दिसेल, मग वास येईल.

माझ्या मागण्या तीनच आहेत. वाइनरींनी लेबलवर मराठीत ठळक लिहावं: थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, अमुक सालापर्यंत चव चांगली. विक्रीचा परवाना देताना दुकानात गार कपाट आहे का हे तपासावं, जसं दूध-आइस्क्रीमवाल्याकडं असतं. आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी आपल्या हवामानात, आपल्या घरांत वाइन किती महिने टिकते याची साधी मराठी पुस्तिका काढावी. फ्रान्सचा तक्ता आपल्या मे महिन्याला लागू पडत नाही.

द्राक्षवाल्या मित्रांनो आणि कृषी क्षेत्रातल्या साहेबांनो, तुमच्याकडं प्रत्यक्ष नोंदी असतील तर जरूर लिहा. विशेष करून कोणी आपल्या घरातल्या वेगवेगळ्या जागांचं तापमान थर्मामीटर लावून मोजलं असेल तर आकडे टाका. पोटमाळा, माजघर, पलंगाखाली, असं दुपारी तीनला आणि पहाटे पाचला. तो तक्ता वाइनलाच नाही, बियाण्यालाही उपयोगी पडेल.

आणि ज्यांच्या शोकेसमध्ये बाटली आहे, त्यांनी आज लेबलवरचं साल तेवढं बघा.

राम कृष्ण हरी.